रस्ता सर्वांचा

रस्ता ही कोणा एकाच्या मालकीची वस्तू नव्हे. गावच्या पाणवठ्यावर जसा साऱ्या गावाचा हक्क, तसाच गावच्या रस्त्यावरही साऱ्यांचा हक्क असतो. एकाने घागर भरली की बाजूला व्हावयाचे आणि दुसऱ्याला जागा द्यावयाची, हा पाणवठ्यावरचा नियम कोणी लिहून ठेवलेला नसतो. तरी तो सर्वजण पाळतात. रस्त्यावर मात्र एवढ्याने भागत नाही. पाणवठ्यावर कोणी नियम मोडला तर फार तर भांडण होते. रस्त्यावर नियम मोडला तर माणसाचा प्राण जातो.

पूर्वीच्या काळी रस्त्याची वाटणी करण्याची गरज फारशी भासत नसे. डोक्यावर भारा घेतलेला शेतकरी, बाजाराला निघालेली बाई आणि त्यांच्या शेजारून जाणारी बैलगाडी यांच्या चालीत मोठे अंतर नव्हते. चालणारा माणूस तासाला सुमारे ५ किलोमीटर जातो. बैलगाडीही जवळजवळ तेवढीच जाते. पुढे नवी वाहने आली आणि ही बरोबरी संपली. सायकल तासाला १५ ते २० किलोमीटर जाऊ लागली आणि मोटार त्याहून दुपटीतिपटीने धावू लागली. ज्यांच्या वेगात एवढे अंतर आहे, त्यांनी एकाच वाटेने जावे तर कसे, हा प्रश्न तेव्हापासून जगातील प्रत्येक शहरापुढे उभा आहे.

सायकलीचा जन्म जर्मनीत झाला असे मानतात. १८१७ साली कार्ल ड्राइस या गृहस्थाने दोन चाकांची एक लाकडी गाडी तयार केली. तिला पायटे नव्हते. स्वार पायांनी जमीन रेटीत पुढे जाई. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली. त्यानंतर तीन वर्षांनी डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव शोधून काढली आणि सायकलीवरचा प्रवास सुखाचा झाला. श्रीमंतांची ही हौस पाहता पाहता कामगारांचे, कारकुनांचे आणि विद्यार्थ्यांचे वाहन बनली. तिला दाणावैरण लागत नाही, तेल लागत नाही, आणि ती धूरही ओकत नाही.

महाराष्ट्रात पुणे हे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. सकाळी कारखान्यांकडे आणि शाळा-महाविद्यालयांकडे निघालेल्या सायकलींनी तेथील रस्ते भरून जात. विद्यार्थिनी, प्राध्यापक, दूधवाले, टपालवाले अशा सर्वांचे ते वाहन होते. पुढे स्कूटरी आणि मोटारी वाढल्या. त्यांच्या गर्दीत सायकलस्वाराला जागा उरली नाही. ज्याला भीती वाटली त्याने सायकल सोडली. आणि जसजशा सायकली कमी झाल्या, तसतशी उरलेल्यांची भीती अधिक वाढली. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यासारख्या काही रस्त्यांची नवी रचना करताना रुंद पदपथ आणि त्यालगत सायकलवाट यांसाठी जागा राखण्यात आली. गमावलेली गोष्ट परत मिळविण्याचा हा प्रयत्न होय.

सायकलींचा विषय निघाला म्हणजे युरोपातील नेदरलँड्स या लहानशा देशाचे नाव हटकून घेतले जाते. लोकसंख्येपेक्षा सायकलींची संख्या जास्त असलेला हा देश आहे. तेथील उट्रेख्ट शहरात मालीबान नावाच्या रस्त्यावर १८८५ सालीच सायकलींसाठी वेगळी वाट केलेली होती. परंतु तेथे सारे काही पहिल्यापासून सुरळीत होते, असे मात्र समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारी झपाट्याने वाढल्या. रस्ते रुंद करण्यासाठी घरे पाडली गेली, चौकांचे वाहनतळ झाले आणि सायकलस्वार कडेला ढकलला गेला. एकट्या १९७१ या वर्षी तेथे रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

अशाच एका अपघातात फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहानगी मुलगी दगावली. ती शाळेत निघाली होती. पित्याने आपले दुःख मनात कोंडून ठेवले नाही. १९७२ साली त्याने वृत्तपत्रात एक लेख लिहिला. 'बालहत्या थांबवा' असा त्याचा मथळा होता. त्या लेखाने सारा देश हलला. अपघात म्हणजे दैवाचा घाला, असे आजवर जे मानीत आले होते, त्यांना प्रथमच असे वाटू लागले की, रस्ता माणसाने बांधला आहे. तेव्हा तो सुरक्षित करणेही माणसाच्याच हाती आहे. त्या लेखाच्या मथळ्यावरूनच एका चळवळीला नाव मिळाले. आईबाप, शिक्षक आणि मुलेही रस्त्यावर उतरली.

या चळवळीच्या काळात मुलांनी दाखविलेले धैर्य सांगण्याजोगे आहे. ॲमस्टरडॅम शहरात दे पैप नावाची दाट वस्ती आहे. तेथील अरुंद गल्ल्या मोटारींनी गच्च भरलेल्या असत. मुलांना खेळावयास वीतभर जागा नव्हती. १९७२ साली तेथील शाळकरी मुलांनी एकत्र येऊन आपल्या गल्लीतून मोटारी जाऊ नयेत अशी मागणी केली. त्यांनी लोकांच्या सह्या जमविल्या आणि गल्लीच्या तोंडाशी अडथळे उभे केले. काही मोटारवाले संतापले, हमरीतुमरीवर आले. परंतु मुले मागे हटली नाहीत. त्यांच्या या उद्योगाचे चित्रण दूरचित्रवाणीवर दाखविले गेले आणि मुलांचे म्हणणे घरोघरी पोचले.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १९७३ साली, खनिज तेलाची टंचाई पडली. सरकारने काही रविवारी मोटारी चालविण्यास बंदी केली. मोकळ्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन, मुलांना घेऊन बाहेर पडले. मोटारीवाचूनही शहर चालू शकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर टिलबर्ग आणि हेग या शहरांत सायकलींचे स्वतंत्र मार्ग नमुन्यादाखल बांधण्यात आले आणि हळूहळू त्यांचे जाळे देशभर पसरले. आज त्या देशात असे मार्ग ३५ हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे आहेत. २०१० साली रस्त्यावर दगावलेल्या मुलांची संख्या १४ पर्यंत खाली आली होती. सायकलवाटा हे याचे एकमेव कारण नव्हे. वेगमर्यादा, चांगले कायदे आणि मुलांचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. तेथील अकरा-बारा वर्षांची मुले प्राथमिक शाळेच्या शेवटच्या काळात वाहतुकीची परीक्षा देतात. तिचा एक भाग लेखी असतो आणि दुसरा प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून द्यावा लागतो.

सुरक्षित सायकलवाट म्हणजे रस्त्याच्या कडेला ओढलेली नुसती पांढरी रेघ नव्हे. रेघ मोटारीला अडवू शकत नाही. खरी सुरक्षित वाट मोटारींच्या रस्त्यापासून कठड्याने, उंच कडेने, झाडांच्या ओळीने किंवा कुंड्यांनी वेगळी केलेली असते. तिचा पृष्ठभाग सपाट असतो आणि पुष्कळ ठिकाणी तिला वेगळा रंग दिलेला असतो. एका बाजूस मोटारींचा रस्ता, दुसऱ्या बाजूस पदपथ आणि मधोमध सायकलवाट, अशी ही रचना असते. अशा वाटेवरून दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचे आजोबा सारख्याच निर्धास्तपणे जाऊ शकतात.

परंतु एक अडचण सुटली की तिच्या पोटातून दुसरी जन्म घेते. सायकलस्वार मोटारींपासून वाचला. पण आता बसच्या प्रवाशाने बसपर्यंत जावे कसे? बस रस्त्यावर थांबते. प्रवासी पदपथावर उभा असतो. या दोहोंच्या मधून सायकलवाट गेलेली असते. तेव्हा बसमध्ये चढणाऱ्याला आणि बसमधून उतरणाऱ्याला ती वाट ओलांडल्यावाचून गत्यंतरच नसते. सकाळची कचेरीची वेळ असावी, पाऊस पडत असावा, बस सुटण्याच्या बेतात असावी आणि त्याच वेळी शाळेला उशीर झालेला विद्यार्थी सायकलवरून वेगाने यावा, म्हणजे संकट ओढवण्यास आणखी काय हवे? ज्या वाटेने सायकलस्वाराला अभय दिले, तीच वाट पायी चालणाऱ्याला भयाची होऊन बसते.

या अडचणीवर निरनिराळ्या शहरांनी उपाय शोधले आहेत. जेथे जागा मोठी आहे, तेथे बसच्या रस्त्याला लागून एक लांबट चौथरा बांधतात. त्याला थांब्याचे बेट म्हणता येईल. सायकलवाट या बेटाच्या मागून, म्हणजे बेट आणि पदपथ यांच्या मधून नेलेली असते. बसमधून उतरणारा प्रवासी प्रथम बेटावर पाय ठेवतो. तेथे तो क्षणभर थांबू शकतो, सामान सावरू शकतो, छत्री उघडू शकतो आणि सायकल येत नाही हे पाहून मग वाट ओलांडतो. जेथे जागा अपुरी आहे, तेथे असे बेट बांधता येत नाही. तेथे बसचे दार थेट सायकलवाटेवरच उघडते.

डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन हेही सायकलींसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. या दोन्ही प्रकारचे थांबे तेथे पाहावयास मिळतात आणि त्यांच्यासाठी कायद्याने दोन वेगवेगळे नियम घालून दिले आहेत. बेट असेल तर प्रवाशाने थांबावे आणि सायकलस्वाराला जाऊ द्यावे. बेट नसेल, प्रवासी थेट सायकलवाटेवर उतरत असतील, तर सायकलस्वाराने त्यांना वाट द्यावी आणि जरूर पडल्यास पूर्ण थांबावे. या नियमामागील विचार साधा पण न्यायाचा आहे. ज्याला सुरक्षितपणे उभे राहण्यास जागा आहे, त्याने थांबावे. ज्याला तशी जागाच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने थांबावे. तेथील सायकलस्वार थांबण्यापूर्वी हात वर करून मागून येणाऱ्यास खूण करतो. त्यामुळे एकाच्या सौजन्यापायी दुसरा मागून येऊन आदळत नाही.

सायकल हवी तेव्हा जागच्या जागी थांबविता येते, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अडथळा डोळ्यांना दिसणे, मनाने निर्णय घेणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यांत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात सायकल पुढे जातच असते. ब्रेक दाबल्यानंतरही ती काही अंतर जाऊन मगच थांबते. रस्ता कोरडा आहे आणि ब्रेक चांगले आहेत असे धरले, तर ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल थांबण्यास एकूण सुमारे ५ मीटर लागतात. वेग १८ किलोमीटर असेल तर सुमारे ९ मीटर लागतात, आणि २४ किलोमीटर असेल तर सुमारे १४ मीटर. शहरातील मोठ्या बसची लांबी साधारणतः १२ मीटर असते. म्हणजे बसच्या मागच्या टोकाशी असताना ज्याने पुढच्या दारातून उतरणारी म्हातारी पाहिली, तो ताशी २४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यापाशी पोचण्यापूर्वी थांबू शकणार नाही. पावसात चाकाची कड ओली झाली म्हणजे तर हे अंतर आणखी वाढते.

याउलट, थांब्याजवळ वेग कमी केल्याने नुकसान किती होते, याचाही हिशेब करून पाहावा. थांब्याची जागा ३० मीटर लांबीची आहे असे मानू. ताशी १८ किलोमीटर वेगाने ती ओलांडण्यास ६ सेकंद लागतात. वेग निम्मा केला तर १२ सेकंद लागतात. म्हणजे सायकलस्वाराचे नुकसान अवघे सहा सेकंद! शाळेच्या वाटेवर असे पाच थांबे असले, तरी सारा मिळून अर्धा मिनिट जातो. अर्ध्या मिनिटाच्या बदल्यात कोणाचे मोडणारे हाड वाचत असेल, तर हा सौदा कोण नाकारील?

ज्यांना डोळ्यांचे सुख नाही, अशांचा विचार येथे विशेषत्वाने केला पाहिजे. अंध माणूस कानांनी रस्ता ओळखतो. मोटारीची घरघर त्याला दुरून ऐकू येते. बस आल्याचेही त्याला आवाजावरून कळते. परंतु सायकल हे मुके वाहन आहे. ती अंगाशी येईपर्यंत तिची चाहूल लागत नाही. लंडन शहरात थांब्यांची बेटे बांधली गेली, तेव्हा अंध व्यक्तींच्या संघटनांनी त्यांविरुद्ध तक्रार केली. पूर्वी पदपथावरून थेट बसमध्ये पाऊल टाकता येत असे. आता मध्ये एक न दिसणारा आणि न ऐकू येणारा प्रवाह ओलांडावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे रास्त होते. 'सायकलस्वारांची सोय झाली, आता कोणी कुरकुर करू नये' असे म्हणणे योग्य झाले नसते. एकाची सोय दुसऱ्याची अडचण ठरत असेल, तर ती सोय अपुरीच समजावी.

या कामी जपानमधील एका शोधाची मदत होते. सेइइची मियाके या गृहस्थाच्या एका मित्राची दृष्टी मंदावत चालली होती. मित्राला निर्धोकपणे चालता यावे म्हणून मियाके याने १९६५ साली एक विशिष्ट फरशी तयार केली. तिच्यावर उठावाच्या खुणा होत्या. पायाला किंवा काठीला त्या खुणा लागल्या की पुढे काय आहे ते कळे. १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर या फरश्या प्रथम बसविण्यात आल्या. पुढे त्या जगभर पसरल्या. भारतातही मेट्रोच्या स्थानकांवर अशा पिवळ्या फरश्या दिसतात. लांब उभ्या पट्ट्या असलेली फरशी 'पुढे चला' असे सांगते. गोल उंचवटे असलेली फरशी 'थांबा, सावध व्हा' असे बजावते. सायकलवाटेच्या दोन्ही कडांना अशा फरश्या बसविल्या, ओलांडण्याच्या जागी झेब्रा पट्टे आखले आणि ती जागा पदपथाच्या पातळीला आणून किंचित उंच केली, म्हणजे सायकलीचा वेग आपोआप मंदावतो आणि चालणाऱ्याला वाट समजते. ज्यांना या फरश्यांची गरज नाही त्यांनी त्यांवर सायकली उभ्या करणे किंवा दुकान मांडणे, हा केवळ अडथळा नव्हे. तो दुसऱ्याचे डोळे झाकण्यासारखा अपराध आहे.

चांगली वाट बांधणे हे नगरपालिकेचे काम आहे. पण चांगल्या रीतीने चालणे हे नागरिकाचे काम आहे. सायकलस्वाराने थांबा दिसताच पायटे मारणे बंद करावे आणि दोन्ही हात ब्रेकवर ठेवावेत. थांब्यावर बस उभी असेल, तर दार उघडणारच असे धरून चालावे. घंटी दुरूनच आणि हळुवार वाजवावी. अगदी जवळ येऊन जोराने वाजविलेल्या घंटीने माणूस दचकतो आणि नेमका सायकलीपुढेच उडी घेतो. शिवाय घंटी ही सूचना आहे, हुकूम नव्हे. आणि बहिऱ्या माणसाला तर तिचा काहीच उपयोग नाही. पांढरी काठी घेतलेली व्यक्ती, लहान मूल, म्हातारे माणूस अथवा चाकाच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती दिसली, तर नियम कोणाच्या बाजूने आहे याचा विचार न करता थांबावे. वाट फारच गर्दीची असेल, तर खाली उतरून सायकल हातात धरून चालावे. उलट दिशेने सायकल मुळीच चालवू नये. कारण प्रवासी ज्या बाजूला पाहत असतो, तिच्या विरुद्ध बाजूने ते संकट येते.

पादचाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत. सायकलवाट मोकळी दिसते म्हणून तिच्यावर घोळक्याने गप्पा मारीत उभे राहणे बरे नव्हे. बसची वाट पाहणाऱ्याने पदपथावर किंवा बेटावर उभे राहावे. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात आणि बसचे दार सामान्यतः डावीकडे उघडते. म्हणून बसमधून उतरणाऱ्याने प्रथम डावीकडे पाहावे, कारण बसच्या मागून येणाऱ्या सायकली त्याच्या डाव्या हाताकडून येतात. पदपथावरून बसकडे जाणाऱ्याने प्रथम उजवीकडे पाहावे. नंतर दोघांनीही दुसऱ्या बाजूला नजर टाकावी आणि सरळ रेषेत, न धावता वाट ओलांडावी. सुटत असलेल्या बसमागे धावणाऱ्याचे डोळे फक्त बसवर असतात. त्याला सायकल दिसत नाही. हातातील मोबाइलमध्ये डोके घालून चालणाऱ्याची गतही तीच. बस चुकली तर दुसरी येते. हे वाक्य जुने असले तरी त्यातील शहाणपण जुने झालेले नाही.

बसचालकाने बस थांब्याला लागून नीट उभी करावी. ती रस्त्याच्या मध्येच थांबविली, तर प्रवाशांना मोटारी आणि सायकली या दोहोंच्या मधून धावावे लागते. मोटारसायकलस्वारांनी तर सायकलवाटेत शिरूच नये. गर्दी टाळण्यासाठी घेतलेली ती जवळची वाट दुसऱ्याच्या सुरक्षिततेची चोरी ठरते. सायकलवाटेवर मोटार उभी करणाराही तेवढाच दोषी आहे; कारण त्याला वळसा घालण्यासाठी शाळकरी मुलाला भरधाव मोटारींच्या रस्त्यावर उतरावे लागते.

मग रस्त्यावर पहिला मान कोणाचा? इंग्लंडच्या वाहतूक नियमांत जानेवारी २०२२ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्व घालण्यात आले. ज्याच्या हातून दुसऱ्याला अधिक इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी अधिक, असे ते तत्त्व आहे. मालमोटारीच्या चालकाने मोटारवाल्याला जपावे, मोटारवाल्याने सायकलस्वाराला जपावे आणि सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला जपावे. भारतात या विचाराची गरज किती आहे, हे आकड्यांवरूनच कळते. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, पदपथावरून सुरक्षितपणे चालता येणे हा राज्यघटनेने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच एक भाग आहे. रोज शाळेत चालत जाणाऱ्या मुलाचा हक्क घटनेत सामावलेला आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

एकाच दिवसात माणूस किती रूपे घेतो! घरून निघताना तो पादचारी असतो, थांब्यावर पोचला की प्रवासी होतो, आणि संध्याकाळी तोच सायकलवर बसून बाजारात जातो. सकाळी ज्याला सायकलस्वाराचा राग येतो, त्यालाच संध्याकाळी पादचाऱ्याचा राग येतो. पादचारी, प्रवासी आणि सायकलस्वार या तीन निराळ्या जाती नव्हेत. ती एकाच नागरिकाची तीन रूपे आहेत. हे ज्याने ओळखले, त्याला थांब्याजवळ ब्रेक दाबण्यास पोलिसाच्या शिटीची गरज पडत नाही. कठड्यांनी आणि फरश्यांनी वाट वेगळी करता येते. परंतु ती सुरक्षित राहते ती एकाने दुसऱ्यासाठी घटकाभर थांबल्यामुळेच.

शब्दार्थ

पाणवठा – पाणी भरण्याची जागा. पायटे – सायकलीचे पाय ठेवून फिरविण्याचे दांडे. धाव – चाकावर चढविलेले वेष्टन. हमरीतुमरीवर येणे – भांडणास प्रवृत्त होणे. गत्यंतर नसणे – दुसरा मार्ग नसणे. अभय – निर्भयता. चाहूल – येण्याची सूचना. रास्त – योग्य.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नेदरलँड्समध्ये सायकलींसाठी पहिली वेगळी वाट कोठे व केव्हा झाली?
(आ) थांब्याचे बेट कशाला म्हणतात?
(इ) गोल उंचवटे असलेली फरशी काय सुचविते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पूर्वीच्या काळी रस्त्याची वाटणी करण्याची गरज का भासत नसे?
(आ) बेट असलेल्या व नसलेल्या थांब्यांसाठी डेन्मार्कमध्ये कोणते नियम आहेत? त्यांमागील विचार कोणता?
(इ) लंडनमधील अंध व्यक्तींची तक्रार रास्त का होती?

३. कारणे द्या.
(अ) घंटी दुरूनच वाजवावी.
(आ) उलट दिशेने सायकल चालवू नये.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
हमरीतुमरीवर येणे, चाहूल लागणे, गत्यंतर नसणे, दुःख मनात कोंडून ठेवणे.

५. विग्रह करून समास ओळखा.
दाणावैरण, आईबाप, घरोघरी, अंधशाळा.

६. उपक्रम : शाळेजवळच्या एका बसथांब्याचे वर्गशिक्षकांसमवेत निरीक्षण करा. प्रवासी कोठे उभे राहतात, बस कोठे थांबते आणि सायकली कोणत्या बाजूने जातात, याचा नकाशा काढा. तेथे कोणती सुधारणा करता येईल, ते दहा ओळींत लिहा.